लायका एम६ : काळा घ्यावा की चंदेरी? (सल्ला हवाय)

नाशिककर_६४ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

बँकेतून निवृत्त झालो. फंडातले थोडे पैसे स्वतःवर उधळायचे ठरवलेत. तरुणपणी शेजारच्यांच्या याशिकावर फोटो काढायचो, तेव्हापासून रेंजफाइंडरचं (दोन प्रतिमा जुळवून फोकस करायच्या कॅमेऱ्यांचं) वेड आहे. मुलगा स्टुटगार्टला असतो, दिवाळीत घरी येतोय. तिथल्या एका जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात त्याला दोन लायका एम६ (फिल्मचे रेंजफाइंडर) दिसले. दोन्ही पहिल्या पिढीतले, म्हणजे एम६ टीटीएल हे पुढचं मॉडेल यायच्या आधीचे. सर्व्हिसिंग झालेलं आहे, वर्षभराची हमीही आहे. एक काळा क्रोम, दुसरा चंदेरी क्रोम. चंदेरी थोडा स्वस्त, कारण तळाच्या प्लेटवर आधीच्या मालकाने स्वतःचं नाव कोरून ठेवलंय.

वापर म्हणाल तर गोदाकाठ, भाजीबाजार, त्र्यंबकची गर्दी, वर्षातून एकदा कोकण. ३५ एमएमची एक लेन्स घेईन आणि बास.

बायकोचं म्हणणं, एवढी महागाची वस्तू आणि काळी कशाला, काळं संक्रांतीला ठीक आहे. मुलगा म्हणतो काळाच घ्या, चंदेरी म्हणजे म्युझियम. उन्हात, गर्दीत, वापरून झिजताना आणि पुढे विकायची वेळ आलीच तर, खरा फरक काय पडतो ते इथले जाणकार सांगतील म्हणून विचारतोय.

"मोबाईल वापरा" हा सल्ला घरात रोज मिळतो, इथे नको.

सटरफटर

चंदेरी. घरात फोन काळा, टीव्ही काळा, लॅपटॉप काळा. अजून एक काळा डबा कशाला?

बोरीबंदर

काका, काळा. स्ट्रीटसाठी, म्हणजे रस्त्यावरच्या फोटोंसाठी, दुसरा विचारच नको. चंदेरी कॅमेरा उन्हात आरशासारखा चमकतो, लांबून कळतं की हा माणूस फोटो काढतोय. प्रसिद्ध फ्रेंच फोटोग्राफर कार्तिये-ब्रेसाँ स्वतःच्या लायकाच्या चकाकणाऱ्या भागांवर काळी टेप लावायचा, ते काय उगाच? युद्धछायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकनसाठी तर लायकाने १९५५ मध्ये खास काळे एम३ बनवून दिले. मोठ्या लोकांनी हा प्रश्न कधीच सोडवून ठेवलाय.

अर्धा_स्टॉप

नाशिककर काका, रंगाचं नंतर बघू. आधी रंगाखाली कोणता धातू आहे ते बघा, कारण झिजणं, वजन आणि किंमत या तिन्ही गोष्टी तिथून ठरतात. जरा लांबण लावतो, चहा घेऊन बसा.

लायकात "काळा" असं एकच काही नाही. सगळ्यात जुना काळा म्हणजे पितळेवर दिलेलं लॅकर, म्हणजे रंगाचा थर. १९२५ चा पहिला लायका तसाच होता, अंग काळं आणि बटणं निकेलची. चंदेरी क्रोम आला १९३३ मध्ये. म्हणजे ज्याला आपण आज जुनं, आजोबांच्या काळातलं समजतो तो चंदेरी रंग त्या काळी नवा आणि झगझगीत होता, आणि काळा जुनाट वाटायचा. झाइसचंही तेच, १९३२ चा पहिला काँटॅक्स काळा आणि १९३६ चा दुसरा क्रोमचा. मग पुढची तीसेक वर्षं चंदेरी हाच नेहमीचा रंग झाला. १९५४ मध्ये एम३ आला तो चंदेरीच. लॅकरवाले काळे एम३ नंतर निघाले, थोडे निघाले, आणि बरेचसे वृत्तपत्रांच्या फोटोग्राफरांच्या गळ्यात गेले.

हे लॅकर मऊ असतं. आधी टॉप प्लेटच्या कडा जातात, मग पट्ट्याच्या कड्या जिथे घासतात ती जागा, मग वाइंडिंग लिव्हरचं टोक. खालून पिवळं पितळ वर येतं. एरवी पितळ उघडं पडलं की माणसाची किंमत उतरते, इथे चढते.

दुसरा प्रकार काळा क्रोम. हा रंग नाही, चंदेरी क्रोमसारखाच विजेने चढवलेला मुलामा आहे, फक्त काळा. १९७१ च्या एम५ पासून लायकाने तो आणला. लॅकरपेक्षा पुष्कळ कडक, दिसायला मंद, बोटांचे ठसे कमी. झिजतो, पण सावकाश.

आता तुमचा एम६. १९८४ ला एम६ आला तेव्हा लायकाने टॉप प्लेटसाठी पितळ सोडून जस्त घेतलं, साच्यात ओतायला सोपं आणि स्वस्त म्हणून. काळा असो की चंदेरी, त्या पिढीत दोन्हींच्या खाली जस्तच. त्यामुळे मुलाच्या डोक्यात "काळा घेऊ, वापरून वापरून सोनेरी कडा येतील" असं काही असेल तर ते काढून टाका. जस्तावरचा मुलामा गेला की खालून राखाडी डाग दिसतो, बाकी काही नाही.

आणि महत्त्वाचं. या जस्ताला दमटपणा सोसत नाही. मुलाम्याखाली गंज धरला की वर बारीक फोड येतात. एम६ विकत घेणारा प्रत्येक जाणता माणूस आधी तेच बघतो. मुलाला सांगा, खिडकीच्या उजेडात कॅमेरा तिरपा धरायचा आणि टॉप प्लेट बघायची. फ्लॅश लावायच्या खाचेच्या आसपास, शटर स्पीडच्या चकतीभोवती, पुढच्या कडेला. टाचणीच्या डोक्याएवढा उंचवटा दिसला तरी किंमत पाडून मागायची नाहीतर सोडून द्यायचा. फोड आला म्हणून कॅमेरा बंद पडत नाही, पण तो फोड बरा करता येत नाही आणि विकताना समोरचा तेवढाच बघतो. दोन्ही रंगांत तपासा.

थोडक्यात, तुमच्यापुढच्या दोन कॅमेऱ्यांत धातू तोच, वजन तेच, यंत्र तेच. ज्याची टॉप प्लेट स्वच्छ तो घ्या.

सटरफटर

वाखूसा (वाचनखूण साठवली). एका वाक्याच्या माझ्या प्रतिसादाची लाज वाटायला लागली. (मत तेच, चंदेरी.)

बोरीबंदर

अर्धा_स्टॉप, माहिती भारी. पण मूळ मुद्द्याला बगल दिलीत. गर्दीत दिसण्याचं काय?

केतकी_वारजे

त्यावर मी बोलते. मी गेली काही वर्षं वारीत फोटो काढतेय, आधी काळ्या बेसावर आणि आता चंदेरी झाइस इकॉनवर, दोन्ही फिल्मचे रेंजफाइंडरच. बोरीबंदर, तुमचं म्हणणं पुस्तकात बरोबर आहे, रस्त्यावर मला तसा अनुभव नाही.

दिवे घाटात माणूस कॅमेऱ्याचा रंग बघत नाही. तुम्ही डोळ्याला काहीतरी लावलंय हे बघतो. त्याहून जास्त तुमचे बूट, टोपी, पाठीवरची सॅक बघतो, आणि तुम्ही चालताय की बाजूला उभं राहून टिपताय हे तर सगळ्यात आधी. मी दिंडीबरोबर चालते तेव्हा मला कोणी विचारत नाही. कडेला थांबून लेन्स वर केली की दहा जण कॅमेऱ्यात बघतात, कॅमेरा कुठल्याही रंगाचा असो.

उलट चंदेरीचा मला एक फायदाच झालाय. लोक हसतात. एका माउलींनी हातात घेऊन उलटापालटा करून विचारलं, "यात अजून रीळ घालतात व्हय?" मग त्यांच्या दिंडीतल्या सगळ्यांना बोलावून दाखवला, विणेकरी तेवढे आले नाहीत. काळा मोठा डीएसएलआर घेऊन गेलं की पहिला प्रश्न "कुठल्या चॅनेलच्या?" असा असतो. बेसाच्या वेळीही दोनदा-तीनदा ऐकलाय.

हां, एका ठिकाणी काळा खरंच बरा. काच. लक्ष्मी रोडवर सराफाच्या शोकेसमधून, एसटीच्या खिडकीतून किंवा मत्स्यालयात काचेला लागून फोटो काढताना चंदेरी टॉप प्लेटचं प्रतिबिंब सरळ फ्रेममध्ये येतं. तिथे मी ओढणी पुढे धरते. कार्तिये-ब्रेसाँच्या टेपचा उपयोग मला तरी तेवढाच दिसतो.

बोरीबंदर

केतकीताई, वारी हा अपवाद झाला. तिथे सगळेच खुशीत असतात. भायखळ्याच्या भाजीबाजारात पहाटे जाऊन बघा.

केतकी_वारजे

गेलेय. हमालाला वाट अडवलेली चालत नाही. बाजूला झालं की कॅमेरा गुलाबी असला तरी चालतो.

अर्धा_स्टॉप

बोरीबंदर, डंकनचं उदाहरण दिलंत म्हणून. त्याच्यासाठीचे ते एम३डी एकूण चारच बनले, आणि त्यांतला एक २०१२ मध्ये व्हिएन्नाच्या लिलावात १६ लाख ८० हजार युरोला गेला. आजच्या काळ्या लायकाच्या भावामागे ही असली कौतुकं आहेत, रस्त्यावरची गरज थोडी. आणि कार्तिये-ब्रेसाँचा मुद्दा तुमच्या विरोधात जातो. तो चंदेरी कॅमेराच वापरत होता, टेप लावून. ३० जानेवारी १९४८ ला तो दिल्लीत गांधीजींना भेटला, नंतर अंत्ययात्रेचे फोटो काढले. तेव्हा एम मालिका जन्मालाही आलेली नव्हती, साधा स्क्रू माउंटचा लायका होता. चकाकीची भीती असेल तर टेपचं रीळ चाळीस रुपयांना मिळतं. उलट चंदेरी करायला टेप मिळत नाही.

बोरीबंदर

हे मात्र मान्य. :D

मस्कतकर

उन्हाचा प्रश्न धागाकर्त्यांनी विचारलाय, त्याला कोणी हात लावला नाही. आखातात राहतो म्हणून लिहितो.

काळा धातू जास्त तापतो हे उघड आहे. पांढऱ्या टेलिफोटो लेन्स त्यासाठीच पांढऱ्या असतात. दुपारी काळा कॅमेरा छातीवर लटकवून फिरलात की टॉप प्लेट हाताला चटका देते, चंदेरी त्या मानाने सुसह्य. पण हातात धरलेल्या कॅमेऱ्यातल्या फिल्मला त्याने काही होत नाही. फिल्मचा खरा शत्रू म्हणजे उन्हात उभी केलेली गाडी. डॅशबोर्डवर ठेवलेला कॅमेरा चंदेरी असला तरी त्यातला रोल गेलाच समजा.

रेंजफाइंडरला उन्हाचा दुसरा धोका आहे आणि तो रंगाशी संबंधित नाही. एसएलआरमध्ये लेन्स आणि शटर यांच्यामध्ये आरसा असतो. इथे नाही. लायकाचं शटर कापडाचं, रबर लावलेलं. लेन्स अनंतावर ठेवून, भिंगाचं तोंड सूर्याकडे करून कॅमेरा टेबलावर ठेवलात तर ती लेन्स सूर्य थेट पडद्यावर गोळा करते आणि कापडाला भोक पडतं. लहानपणी भिंगाने कागद जाळलेला असेल सगळ्यांनी. भोक टाचणीएवढं असतं, पण पुढच्या प्रत्येक फोटोवर ठिपका येतो आणि पडदा बदलायचा खर्च ऐकून घाम फुटतो. त्यामुळे काका, रंग कुठलाही घ्या, लेन्सचं झाकण विसरू नका. चालताना कॅमेरा पोटाकडे तोंड करून ठेवा, किंवा ॲपर्चर बारीक करून ठेवा.

झाकण ठेवूनच फोटो काढले जातील ही गोष्ट वेगळी. व्ह्यूफाइंडरमधून सगळं छान दिसतं, कळतही नाही.

खट्याळ_कावळा

आमच्याकडे काळाच चालतो. जन्मजात.

अवांतर: लायकाने २०१५ मध्ये गायक लेनी क्रॅविट्झबरोबर एक डिजिटल एम-पी काढला होता, काळं लॅकर कारखान्यातच हाताने घासून, पितळ दाखवून. १२५ सेट. म्हणजे वापरायचे कष्टही दुसऱ्यानेच केलेले. पैसे देऊन गुडघ्यावर फाटकी जीन्स घेणाऱ्या पिढीला हसायचं नाही मग.

नाशिककर_६४

वा! एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. मस्कतकर, शटरला भोक पडण्याचं मला अजिबात माहीत नव्हतं, शेजारच्यांच्या याशिकाला असलं काही कधी झालं नाही.

अर्धा_स्टॉप, लेन्सबद्दल पण सांगा. कॅमेरा चंदेरी घेतला तर लेन्सही चंदेरी हवी ना? काळी लेन्स विजोड दिसेल.

अर्धा_स्टॉप

याशिकाचं शटर लेन्सच्या आत असतं, धातूच्या पात्यांचं. म्हणून त्याला भोक पडत नाही.

लेन्सच्या बाबतीत मात्र रंगाने खरा फरक पडतो, म्हणून बरं झालं विचारलंत. लायकाच्या बऱ्याच लेन्समध्ये काळी असेल तर नळी ॲल्युमिनियमची आणि चंदेरी असेल तर पितळेवर क्रोम. काचा त्याच. समिक्रॉन ही लायकाची एफ २ ची लेन्स. ३५ एमएम समिक्रॉन एस्फेरिकल, १९९७ मध्ये आलेली, काळी २५५ ग्रॅम आणि चंदेरी ३४० ग्रॅम. ५० च्या समिक्रॉनचंही तसंच, काळी २४० च्या आसपास आणि चंदेरी ३३५. संध्याकाळपर्यंत गळ्यात वागवायचं असेल तर हे ८५-९५ ग्रॅम मानेला कळतात. शिवाय कॅमेरा पुढच्या बाजूला झुकतो. काहींना तो जडपणा आवडतो, फोकसची रिंग भरीव वाटते म्हणतात. मी त्यांतला नाही.

चंदेरी बॉडी आणि काळी लेन्स ही जोडी अजिबात विजोड नाही. जुन्या फोटोत बघा, निम्म्या लोकांकडे तेच आहे. उलटी जोडी, म्हणजे काळ्या बॉडीवर चंदेरी लेन्स, ती मला डोळ्यात खुपते. पण हे माझं झालं.

हाच प्रकार आता बॉडीतही आलाय. २०२२ चा डिजिटल एम११ घ्या. काळ्याची टॉप प्लेट ॲल्युमिनियमची, बॅटरीसकट ५३० ग्रॅम. चंदेरीची पितळेची, ६४० ग्रॅम. एकाच नावाचा, एकाच किमतीचा कॅमेरा आणि रंग बदलला की ११० ग्रॅम जास्त. कोणी एम११ विचारलं असतं तर मी डोळे मिटून काळा सांगितलं असतं. तुमच्या एम६ला हे लागू नाही.

मिरजेचा_पावना

माझा फुजीचा डिजिटल एक्स१०० सहा चंदेरी आहे. लई भारी दिसतोय. लोक विचारतात जुना आहे का. काका त्योच घ्या की, फिल्मचा खर्च वाचंल.

खट्याळ_कावळा

आला. कुठल्याही रेंजफाइंडरच्या धाग्यावर एक एक्स१०० येतोच.

अर्धा_स्टॉप

पावनं, कॅमेरा उत्तम आहे, पण तो रेंजफाइंडर नाही. त्याची खिडकी नुसती बघायची आहे, फोकस सेन्सर करतो. रेंजफाइंडरमध्ये दोन खिडक्यांतून येणारी प्रतिमा मधल्या चौकोनात एकावर एक बसवून आपण अंतर जुळवतो. नाशिककर काकांना वेड त्याचंच आहे.

मिरजेचा_पावना

बरं. पण चंदेरीला माझं मत मोजा.

बोरीबंदर

काकांनी जर्मनीतल्या दुकानाचं लिहिलंय म्हणून इथल्या बाजारावर एक इशारा, बाकी वाचकांसाठी. ऑनलाइन किंवा जुन्या बाजारात "जुना काळा लायका, सोनेरी बटणं, युद्धातला" असं काही स्वस्तात दिसलं तर पळा. ते बहुतेक सोव्हिएत फेड किंवा झोर्की असतात, वरचं मूळ नाव घासून त्यावर लायका कोरलेले, काळे-सोनेरी रंगवलेले. फेड आणि झोर्की मुळात चंदेरी निघायचे. कॅमेरा म्हणून वाईट नाहीत, पण लायकाचे पैसे मोजू नका.

आणि खऱ्या काळ्या एम३ मध्येसुद्धा नंतर रंगवलेले फार. ओळखायचं कसं तर कोरलेली अक्षरं बघायची. रंगवण्याआधी जुना मुलामा घासून काढतात, त्यात अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि आतला पांढरा रंग जाडसर भरला जातो. कारखान्यातल्या अक्षरांना धार असते. दहापट भिंग खिशात ठेवा.

केतकी_वारजे

काकांच्या बजेटमध्ये बसत असेल तर एक पर्याय. २०२२ ला लायकाने एम६ पुन्हा काढला. त्याची टॉप प्लेट परत पितळेची आहे, पण रंग काळाच. चंदेरी आणि पितळ दोन्ही हवं असेल तर एमपी, तो २००३ पासून आहे. त्यावर लायकाच्या लोगोची लाल टिकलीही नाही, गर्दीत फिरताना तेवढंच बरं. अर्थात किंमत ऐकून काकूंना काळ्या-पांढऱ्याचा विसर पडेल.

नाशिककर_६४

ताई, एमपीची किंमत मुलाने सांगितली होती. त्यावर घरात चर्चा झाली नाही, नुसती शांतता झाली.

तर बातमी अशी. मुलगा काल दुकानात जाऊन आला. अर्धा_स्टॉप यांनी सांगितलं तसं दोन्ही कॅमेरे खिडकीशी नेऊन तिरपे धरून बघितले, दुकानदार हसला म्हणे, सगळे तेच करतात. फोड दोन्हींवर नाहीत. काळ्याच्या पुढच्या दोन कोपऱ्यांवर मुलामा गेलाय, आतून राखाडी. चंदेरीवर ओरखडे आहेत पण मंद रंगात ते लपतात, हात फिरवला तर जाणवतात. व्ह्यूफाइंडरचा चौकोन चंदेरीत जास्त स्पष्ट आहे, काळ्यात एका बाजूने उजेड आला की पांढुरका होतो.

मुलगा काळ्याच्या बाजूचा होता, पण हे सगळं त्यानेच कळवलं. आता राहिलं तळाच्या प्लेटवरचं नाव. जर्मन आडनाव आहे, खाली गावाचं नाव. त्याने पुढे विकताना अडचण येईल का?

अर्धा_स्टॉप

चौकोन स्पष्ट आहे? मग विषय संपला काका. एम६च्या चौकोनाचं हे पांढुरकं होणं प्रसिद्धच आहे, उजेड आडवा आला की जुळवायची प्रतिमाच पुसली जाते. तुम्ही गोदाकाठी सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढणार, तिथे रोज त्याच्याशी झगडत बसाल. चंदेरी उचला.

नावाचं म्हणाल तर संग्राहक नाक मुरडतात, म्हणून तर तो स्वस्त आहे. विकताना तुम्हालाही तेवढेच कमी येतील, म्हणजे हिशेब बरोबरीत. फारच खटकलं तर तळाची प्लेट वेगळी मिळते, रोल भरताना ती तशीही निघतेच. मी असतो तर ठेवली असती.

मस्कतकर

+१. आणि घरी आल्यावर कोकणातून परतलात की कोरड्या मऊ कापडाने पुसून, सिलिका जेल टाकलेल्या हवाबंद डब्यात ठेवा. चामड्याच्या केसमध्ये अजिबात नको, चामडं ओल धरतं. पावसाळ्यात बुरशी आधी लेन्सला लागते, मग व्ह्यूफाइंडरच्या काचांना. घाम लागला की लगेच पुसा, टॉप प्लेटच्या जस्तासाठी तर नक्कीच.

नाशिककर_६४

मुलाला कळवलं, चंदेरी घे. लेन्स काळी, ३५ समिक्रॉन, वापरलेली. बायकोला सांगितलं तुझं ऐकलं. ती म्हणाली लेन्स कुठल्या रंगाची आहे ते आधी सांगा.

सगळ्यांचे आभार. फोटो आले की वेगळा धागा काढीन.

खट्याळ_कावळा

पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा). आणि काकूंना चाणाक्षपणाबद्दल साष्टांग नमस्कार.

झाडावरचा_मुंजा

उशिरा आलो. लायका माझ्या स्वप्नातही परवडत नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात दोन याशिका इलेक्ट्रो ३५ बघून ठेवलेत, चंदेरी जीएसएन आणि काळा जीटीएन. काळ्याला विक्रेता जवळजवळ दुप्पट मागतोय, म्हणतो "रेअर पीस". घ्यावा का?

बोरीबंदर

काळा जीटीएन कमी दिसतो हे खरं आहे. कॅननच्या कॅनोनेट क्यूएल१७चंही तसंच, काळा असला की भाव चढा. पण आत दोन्ही याशिका एकच. तीच ४५ एमएम एफ १.७ लेन्स, तेच इलेक्ट्रॉनिक शटर. दुप्पट देऊ नको रे, उरलेल्या पैशात रोल येतील.

रंगाआधी हे बघ. लिव्हर ओढल्यावर आतून "खट्" असा ठळक आवाज यायला हवा. नाही आला तर आतला रबराचा तुकडा कुजलाय, तो बदलेपर्यंत एक्स्पोजर भरवशाचं नाही. मग बॅटरी. मूळची ५.६ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही, ६ व्होल्टची ४एलआर४४ ॲडॉप्टर घालून चालते. स्वतःची एक घेऊन जा, विक्रेत्याकडे नसणारच. मागचं बटण दाबून दिवा लागतो का बघ, मग ॲपर्चर बदलून वरचे लाल-पिवळे दिवे बदलतात का बघ. बॅटरीशिवाय तो फक्त १/५०० ला चालतो, म्हणजे "क्लिक होतंय ना साहेब" यावर विश्वास ठेवू नकोस. बॅटरीच्या डब्यात हिरवं काही साचलं असेल तर दोन्ही सोडून दे.

झाडावरचा_मुंजा

बॅटरी मागवली. जुना बाजार बुधवारी आणि रविवारी असतो, रविवारी गर्दी फार. बुधवारी जातो. दोन्ही चालू निघाले तर जीएसएन. फक्त काळाच चालू निघाला तर भाव कितीवर आणू?

बोरीबंदर

चंदेरीच्या भावावर. "साहेब, रंगाचे पैसे वेगळे कशाला" म्हणून बघ. नाहीच ऐकला तर पंधरा-वीस टक्के जास्त दे आणि वर केस मागून घे. केस मस्कतकरांना दाखवू नकोस.